भटके म्हणावे की यायावर?

डोंगरभटकंतीचा किंवा सहलींचा नवा गट काढणारी मंडळी मला हमखास विचारतात की गटाचे नाव काय ठेवावे, भटके, फिरस्ते, मुशाफिर की यायावर; अर्थ सगळ्यांचा एकच, तेव्हा कानाला बरे लागेल ते सांगा, असेही वर सुचवतात. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, अर्थ एकच नाही. हिंडणाऱ्याला घर आहे की नाही, आणि असल्यास ते त्याने सोडले की मागे ठेवले, यावर आपल्या भाषेने त्याचा मान ठरवून टाकलेला आहे.

'यायावर' या शब्दाला सध्या फार मागणी आहे. 'या' म्हणजे जाणे, या संस्कृत धातूची द्विरुक्ती होऊन तो बनला. पुन्हापुन्हा जात राहणारा तो यायावर. 'गम्' धातूची अशीच द्विरुक्ती होऊन 'जंगम' झाला, जो लिंगायत समाजातल्या जंगमांच्या नावात आहे आणि मृत्युपत्रातल्या 'स्थावर-जंगम मालमत्ते'तही आहे. यायावराला पुष्कळजण संन्यासी समजतात, ते बरोबर नाही. धर्मसूत्रांत या नावाने गृहस्थाचाच एक प्रकार सांगितला आहे. घरदार सोडून निघालेला तो परिव्राजक. राजशेखर हा संस्कृत कवी स्वतःला अभिमानाने 'यायावरीय' म्हणवतो, आणि त्याचा पूर्वज अकालजलद 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून ओळखला जाई, तेव्हा हा शब्द आपल्या मातीला अगदीच परका नाही.

'मुशाफिर' हा अरबी 'सफर'च्या घराण्यातला. 'फिरस्ता' हा साध्या 'फिरणे'शी नाते सांगतो. 'पांथस्थ' या शब्दाची मला मोठी गंमत वाटते, कारण 'पांथ' म्हणजेच वाटसरू असताना त्याला 'स्थ', म्हणजे उभा असलेला, हे शेपूट जोडून आपण चालणाऱ्याला वाटेतच थांबवले आहे. गाथासप्तशती या प्राचीन काव्यसंग्रहातल्या महाराष्ट्री प्राकृतात हाच वाटसरू 'पहिअ' होऊन भेटतो, आणि आभाळ भरून आले की त्याची बायको दाराशी डोळे लावून बसते. या सगळ्यांना परतायला घर आहे, हे गृहीतच धरलेले आहे.

ज्यांचे बिऱ्हाडच पाठीवर होते, त्यांना मात्र भाषेने वेगळ्या रीतीने वागवले. लमाण, म्हणजेच बंजारा, यांचे लमाण हे नाव लवण, म्हणजे मीठ, यावरून आले असे बहुतेक अभ्यासक मानतात. समुद्रकाठचे मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाटमाथ्यावर आणायचे आणि धान्य घेऊन पुढे जायचे, हा त्यांचा व्यापार होता. दख्खनमध्ये उतरलेल्या मोगल फौजांनाही रसद पुरवणारे तेच. तांडा म्हणजे मुळात अशा चालत्या बैलांचा काफिला. आज पक्क्या घरांच्या, ग्रामपंचायत असलेल्या वस्तीलाही आपण तांडाच म्हणतो. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, पुढे रूळ सर्वदूर पसरत गेले आणि लादणीचा हा धंदा बसला. 1871 मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि त्याखाली जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली. सोलापुरात तर अशा लोकांना तारेच्या कुंपणात डांबून ठेवत; तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. हिंडणाऱ्यांच्या वस्तीला हे नाव देणाऱ्याला त्यातला विनोद कळला असेल असे वाटत नाही. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला आणि त्यातून सुटलेले ते 'विमुक्त'.

महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आहेत, वडार आहेत, कैकाडी आहेत आणि भामटा हेही नाव आहे. 'भामटा' शब्दकोशात पाहिलात तर अर्थ ठग, लुच्चा असा मिळेल. शाळेच्या दाखल्यावर हे नाव असलेल्या पोराला वर्गात काय ऐकावे लागत असेल, याचा विचार मराठीने कधी केला नाही. शिवी कुठल्याही भांडणात सहज तोंडी येते, पण ती कोणाची जात आहे, हे वापरणाऱ्याच्या गावीही नसते.

आता तुमच्या गटाचे. 'भटके' हे नाव घेऊ नका असे मी म्हणणार नाही, कारण 'भटकंती' हा शब्द हौशी मंडळींनी स्वतःच्या पायांनी चालून कमावलेला आहे. मात्र तुमच्या टी-शर्टवर तो हौसेने छापला जातो आणि भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी दुसऱ्या कोणाला तहसील कचेरीचे खेटे घालून आजोबांच्या काळचे पुरावे आणावे लागतात, एवढे ठाऊक असू द्या. माझे मत विचाराल तर 'मुशाफिर' ठेवा. रविवारी रात्री शेवटची लोकल पकडून घरी परतणाऱ्यांना तोच नेमका बसतो.