तर्री जास्त

आज उगाच सुट्टी टाकली अन् दीक्षाभूमीवर जाऊन बसलो. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे लाखो लोकांनी आपण कोण, ते ठरवून टाकलं. मी ४७ चा झालो, तरी फॉर्मवर ‘व्यवसाय’ लिहिताना पेन अडतो. (शेवटी ‘नोकरी’ लिहितो, झालं.)

स्तूपात शेजारी एक आजी बसल्या होत्या, चपलांची पिशवी मांडीवर घट्ट धरून, डोळे मिटून. बाहेर आल्यावर विचारलं, "आजी, काय मागितलं?"

"इथं मागत नसतात बापू. बसून राहायचं."

येताना बर्डीवर पोहे घेतले. पोहेवाला म्हणे, "भाऊ, तर्री नेहमीसारखी जास्तच ना?"

अन् मी इतकी वर्षं घरी सांगून राहिलो, मला तिखट चालत नाही!