आरसीसीबीचं कोडं सुटलं, गिझर निर्दोष!

सापडला! घराचा आरसीसीबी सारखा पाडणारा दोष तीन रविवार खाऊन अखेर सापडला. मागच्या वेळी आपण सगळ्यांनी मिळून ज्याला फासावर चढवलं तो गिझर निर्दोष निघाला. त्याचा चांगला चालणारा एलिमेंट मी उगाच बदलला.

लक्षणं पुन्हा सांगतो. कराडचं घर, नवा डीबी (सगळे स्विच असलेली मुख्य पेटी), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की सप्लाय तोडणारा स्विच). दिवे-पंखे बिनबोभाट. गिझर लावला की खट्. इस्त्रीला कधी खट्, कधी नाही. बाकी सगळे एमसीबी (प्रत्येक सर्किटचे छोटे ब्रेकर) पाडून नुसता गिझर लावला तरी खट्. मेगरने (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) ५०० व्होल्टवर एकूण एक फेज अर्थशी तपासली, सगळ्या स्वच्छ. आणि इथेच माझी अक्कल गहाण पडली होती. एमसीबी सिंगल पोल आहेत, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल लिंकला (सगळे न्यूट्रल जिथे एकत्र येतात ती पट्टी) चिकटलेलाच राहतो, आणि न्यूट्रल मी तपासलेच नव्हते.

शनिवारी मेन स्विच आणि आरसीसीबी दोन्ही पाडले, म्हणजे लिंक सप्लायपासून सुटली. मल्टिमीटरची एक पिन लिंकवर, दुसरी अर्थच्या पट्टीवर. ०.४ ओहम! मग लिंकमधले ११ न्यूट्रल एकेक करून काढत गेलो. (या डीबीचे लिंकचे स्क्रू इतके मऊ आहेत की दोनांचे खाचे तिथेच गेले. पुढच्या वेळी लिंक वेगळी विकत घेणार.) आठवा काढला आणि रीडिंग गायब.

आठवा म्हणजे फ्रिजचा बोर्ड. प्लेट काढली तर सॉकेटमागे दोन बोटं लांबीचा काळा वायरचा तुकडा, न्यूट्रलच्या टर्मिनलमधून थेट अर्थच्या टर्मिनलमध्ये. पूर्वी तिथे अर्थची वायर पोचतच नव्हती, म्हणून कुणा जुन्या वायरमनने असं ‘अर्थिंग दिलं’ होतं. तेव्हा न्यूट्रल कुठे तुटला असता तर फ्रिजच्या पत्र्यावर २३० व्होल्ट आले असते, आणि आई त्या फ्रिजला अनवाणी हात लावते. लाजेची गोष्ट अशी की गेल्या महिन्यात त्याच टर्मिनलवर नवी हिरवी वायर मी स्वतः कसली. तुकडा डोळ्यांसमोर होता, मला वाटलं लूप असेल.

आता ‘फक्त गिझरवरच का’ याचं उत्तर. आठवा बाजूला ठेवून गिझर चालवला आणि न्यूट्रल-अर्थमध्ये मोजलं: १.८ व्होल्ट. आपला अर्थिंगचा खड्डा मागच्या मोजणीत ६ ओहमचा. म्हणजे तुकडा असताना गिझरचे साधारण ३०० मिलिअँपिअर आरसीसीबीला चुकवून जमिनीतून परत जात होते. नुसत्या ट्यूबलाइटवर तेच व्होल्टेज ०.०५, म्हणजे ८ मिलिअँपिअर. तीसच्या खाली, मग आरसीसीबी कसा पडेल?

तुकडा काढला, गिझर, इस्त्री, मिक्सर एकदम लावले. ढिम्म. आईने विचारलं, “आता आंघोळीला पाणी तापवू ना?” या छंदात मिळालेली सर्वांत मोठी पावती.

ज्यांनी अमेरिकन व्हिडिओ पाठवून ‘न्यूट्रल-अर्थ बाँड कर’ (म्हणजे दोन्ही एकमेकांना जोड) म्हटलं होतं त्यांना: तिकडे ते बाँडिंग सप्लाय घरात येतो त्या पहिल्या डिस्कनेक्टलाच (मुख्य स्विचला) करतात, पुढच्या सब-पॅनलमध्ये (दुय्यम डीबीत) न्यूट्रल आणि अर्थच्या पट्ट्या वेगळ्याच. आपल्याकडे न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असतो. आरसीसीबीच्या पुढे दोघांची गाठ पडता कामा नये.

पुढचा बेत हॉलच्या वायरिंगचा होता, पण लिहिता लिहिता बदलतोय. गिझरला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) टाकतो आणि उरलेलं घर दोन आरसीसीबींवर विभागतो. त्यासाठी दोन लिंक लागतील आणि प्रत्येक न्यूट्रल आपल्याच फेजच्या आरसीसीबीखाली यायला हवा. आणि नेमका इन्व्हर्टरचा न्यूट्रल हॉल आणि बेडरूममध्ये एकच फिरवलाय. म्हणजे आधी तो बोर्ड उघडणं आलं. सिमेंटवाल्याला ‘या रविवारी येऊ नको’ असा फोन करतो.