नाकावरचा पांढरा चौकोन

बीजिंगच्या ऑपेरातली समस्त मनुष्यजात चार खात्यांत मावते. शंग म्हणजे पुरुष, दान म्हणजे बाई, जिंग म्हणजे तोंडभर रंग फासलेला आडदांड गडी आणि चौ म्हणजे विदूषक. विदूषक अर्थातच यादीत शेवटी. रंगपटात मात्र पहिला मान त्याचा. चौने आपल्या नाकावर पांढरा रंग लावल्याशिवाय बाकीच्यांनी कुंचला उचलायचा नाही, असा जुना रिवाज. पोशाखांच्या पेट्यांवर इतरांनी नेमून दिलेल्या जागीच बसायचं, चौने कुठेही टेकावं. कारण काय, तर आठव्या शतकातला थांग घराण्याचा सम्राट श्वानझोंग हौसेने विदूषकाचं काम करायचा म्हणे. खरंखोटं तो सम्राट जाणे, पण बाराशे वर्षं बसायची जागा राखून ठेवणारा राजा मला आवडला.

बाकीच्या खात्यांतही पोटखाती आहेतच. दाढीवाला शंग वेगळा, मिसरूड न फुटलेला वेगळा, तलवार परजणारा वेगळा. दानमध्ये साध्या झग्यातली सोशीक छिंगयी, नखरेल ह्वादान, लढवय्यी, म्हातारी. आणि हे खातं लहानपणीच ठरायचं. १९०४ साली बीजिंगमध्ये सुरू झालेल्या, पुढे फू ल्यान छंग नावाने गाजलेल्या शाळेत मुलं सात वर्षांच्या कराराने दाखल व्हायची. गळा, बांधा, चेहरा पाहून गुरुजी ठरवणार, की हा सेनापती आणि हा विदूषक. एकदा ठरलं की बहुतेकांचा जन्म त्यातच. दहा वर्षांच्या पोराला ‘तू आयुष्यभर विदूषक’ म्हणून सांगायचं, हे ऐकायला क्रूर वाटतं. पण त्याच शाळेत तीसहून अधिक वर्षं शिकवणारे श्याओ छांगह्वा स्वतः चौ होते, आणि ते इतर खात्यांतल्या मुलांनाही त्यांची कामं बसवून देत.

रंगवलेल्या चेहऱ्यांबद्दल लोक फार कौतुकाने बोलतात. कपटी त्साओ त्साओ पांढराफटक, न्यायी बाओ काळाकुट्ट आणि त्याच्या कपाळावर चंद्रकोर. दिसायला झकास, पण माणसाने तोंड उघडण्याआधीच त्याचा निकाल लागलेला. चौच्या नाकाभोवतीचा तो टोफूच्या तुकड्याएवढा चौकोन काहीच कबूल करत नाही. त्यामागे चोर निघेल, लाचखाऊ अंमलदार निघेल, नाहीतर नाटकातला सगळ्यात भला माणूस. बोलतोही तो इतर बहुतेकांसारखं हेल काढून, ताणून नाही. साधी बीजिंगच्या गल्लीतली बोली. मधूनच पदरचं वाक्य घालायची मुभाही त्यालाच.

चोर पाहायचा तर ‘पंधरा माळा नाणी’ या नाटकातला लोउ, ज्याला सगळे उंदीर म्हणतात. १९५६ साली खुनछू या बीजिंगच्या ऑपेराहूनही जुन्या शैलीत ते नव्याने बसवलं गेलं आणि मरणपंथाला लागलेल्या त्या शैलीत पुन्हा धुगधुगी आली. लोउ झाले होते वांग छ्वानसोंग. पैशासाठी खून करून बसलेला हा जुगारी देवळात एका ज्योतिषाला गाठतो. ज्योतिषी म्हणजे वेष पालटून आलेला अधिकारी. तो नेमकं वर्मावर बोट ठेवतो आणि लोउ बाकावरून मागच्या मागे कोसळतो, तो बाकाखालून डोकं बाहेर काढतो. अपराधी मन इतक्या कमी जागेत दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि भला माणूस म्हणजे बीजिंग ऑपेरातल्या दुसऱ्या एका नाटकातला छोंग गोंगदाओ. खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेल्या सू सानला होंगतोंगहून थाययुआनला फेरसुनावणीसाठी न्यायचं काम या म्हाताऱ्या शिपायाकडे आहे. श्याओ छांगह्वांनी ही भूमिका दानच्या कामांसाठी गाजलेल्या मेई लानफांगबरोबर केली. सू सान झालेला मेई हा पुरुष, पण बालगंधर्वांच्या मुलखात त्यावर वेगळं काय सांगायचं! तांबड्या कैदी पोशाखातली सू सान, गळ्यात माशाच्या आकाराचा लाकडी खोडा. नेपथ्य काहीच नाही. दोघं रंगमंचावर चालत राहतात, हीच वाट. म्हातारा आधी तिला मानलेली मुलगी करून घेतो, मग तिचा खोडा काढतो, चालायला आपली काठीही देतो. ती गात आपली कर्मकहाणी सांगते. एकेकाला दोष देत जाते आणि त्याचं प्रत्येकाबद्दल काहीतरी खमंग मत असतंच. गाणी सगळी तिची, त्याच्याकडे नुसतं बोलणं.

शेवटी ती रागाने गाते, होंगतोंगमध्ये एकही चांगला माणूस नाही. झालं! म्हातारा भडकतो. काठी दिली, खोडा उतरवला, आणि मीही त्यांतलाच? सू सान घाईघाईने म्हणते, तुम्ही सोडून हो बाबा, तुम्ही फार चांगले. तेवढ्यावर स्वारी खूष.