कूलर राहू द्या

मे महिना, नागपुरात सीताबर्डीजवळची भाड्याची खोली, खडखडणारा लोखंडी कूलर. समलिंगी आणि ट्रान्स तरुणांच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासासाठी मी मुलाखती घेत होते. समोर एकोणीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा मुलगा, भंडाऱ्याकडचा. इतकं हळू बोलत होता की मी कूलर बंद करायला उठले.

"राहू द्या ना मॅडम. बाहेर ऐकू जाईल."

पहिल्याच पानावर तो अडला. 'लैंगिक अभिमुखता.'

"हे काय विचारून राहिले?"

"तुला कोण आवडतं, ते."

"मग तसंच लिहा ना!"

खरंच होतं त्याचं. हा शब्द आमच्यापैकी कोणाच्याही तोंडी कधी नसतो. फक्त फॉर्मवर असतो.

पुढे पीएचक्यू-9, नैराश्य तपासायची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. नववा मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याने 2 वर खूण केली, म्हणजे अर्ध्याहून जास्त दिवस. इथे बेरीज कितीही येवो, फॉर्म बाजूला ठेवायचा आणि सरळ विचारायचं. विचारलं. आज तसं काही मनात नव्हतं, काही ठरवलेलंही नव्हतं. परीक्षेआधीच्या रात्री फार वाईट गेल्या होत्या.

मग आधाराचा प्रश्न. आई, वडील, भावंडं, शिक्षक, मित्र. एकाही चौकटीत खूण नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणारा कलम 377 चा निकाल 2018 मध्ये लागला तेव्हा हा शाळेत होता. घरी आजही ठाऊक नाही.

"कोणीच नाही?"

बराच वेळ नुसता कूलर. मग म्हणाला, "मेसवाल्या काकू चालतील काय?"

दोन दिवस हा जेवायला गेला नाही, तर काकूंनी पोराच्या हाती डबा पाठवला. तिसऱ्या दिवशी गेला तेव्हा ताट वाढता वाढता म्हणाल्या, "तुझा तो दिसत नाही आजकाल. भांडले काय? जेव आधी." बस, एवढंच.

समलिंगी आणि ट्रान्स मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या द ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेच्या 2019 च्या अमेरिकी पाहणीत, स्वीकारणारी एक तरी प्रौढ व्यक्ती असलेल्या अशा मुलांमध्ये वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी कमी आढळलं होतं. मी तो आकडा कितीदा तरी स्लाइडवर दाखवला होता. तो पोळ्या लाटत असेल, हे काही डोक्यात आलं नव्हतं. 'इतर'च्या चौकटीत जागा पुरेना, म्हणून समासात लिहिलं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 त्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिला, दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ ठरवली. रात्री साडेआठला फोन केला. मागे ताटांचा आवाज.

"जेवून राहिलो मॅडम. नंतर करतो."