साबणाचा पहिला घाणा

यकृताच्या तपासणीचा अहवाल पाहून डॉक्टरांनी मद्य पूर्ण बंद करायला सांगितले, तेव्हा बिअर पिणे सुटणार याचे मला फारसे वाईट वाटले नाही; वाईट वाटले ते बिअर बनवणे सुटणार याचे. सहा वर्षे मी दर दीड-दोन महिन्यांनी घरी २० लिटरची एक बॅच लावत आलो होतो. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, ६५-६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवायचा, गाळून निघालेला गोड रस, म्हणजे वर्ट, हॉप्सची कडवट फुले घालून तासभर उकळायचा, तो शक्य तितक्या लवकर गार करून त्यात यीस्ट सोडायचे आणि मग दोन आठवडे एअरलॉकमधल्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतल्या, बुडबुड्यांकडे कान लावून बसायचे, हा क्रम अंगवळणी पडला होता. दुसऱ्यांसाठी बनवत राहावे असाही विचार करून पाहिला. पण चाखल्याशिवाय बिअर जमत नाही, आणि चाखण्यावर थांबेन याचा मला भरवसा नव्हता.

साबणाकडे वळलो तो निव्वळ भांड्यांमुळे. स्टेनलेस स्टीलचे मोठे पातेले, थर्मामीटर, लांब दांड्याचा डाव आणि वजनकाटा घरात होताच. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे तेवढे बाजूला काढले, कारण तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा त्याला खातो आणि त्या अभिक्रियेतून हायड्रोजन वायू निघतो. डोळे झाकणारा चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, स्टिक ब्लेंडर आणि साचा एवढेच नवे घ्यावे लागले.

बिअर बनवणाऱ्याला स्वच्छतेचे वेड असते. उकळी थांबल्यानंतर वर्टला लागणारी एकही वस्तू मी जंतुनाशकातून काढल्याशिवाय वापरत नसे. मापांच्या बाबतीत मात्र मी सैल होतो, कारण यीस्ट बरेच काही पोटात घालते. माल्ट पाव किलो कमी पडला, तर वर्टची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०५० ऐवजी १.०४७ दाखवतो आणि बिअर किंचित हलकी होते, इतकेच. साबणात सगळे उलटे निघाले. कॉस्टिकच्या तीव्र द्रावणात जंतूंची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, पण प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागणार हे ठरलेले असते आणि तिथे चूक झाली तर सांभाळून घेणारे कोणी नसते. हे मी वाचले होते. समजले मात्र पहिला घाणा बिघडल्यावर.

हिशेब १००० ग्रॅम तेलांचा मांडला होता: ऑलिव्ह ६००, खोबरेल ३०० आणि एरंडेल १००. दर ग्रॅममागे ऑलिव्हला सुमारे ०.१३५ ग्रॅम, खोबरेलला ०.१८३ आणि एरंडेलला ०.१२८ ग्रॅम कॉस्टिक लागते. बेरीज १४८.७ ग्रॅम आली. थोडे तेल साबणात मोकळे राहावे म्हणून त्यातून ५ टक्के वजा करतात, म्हणजे उरले १४१ ग्रॅम, आणि ते विरघळवायला २८० ग्रॅम पाणी. कॉस्टिक पाण्यात टाकायचे, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून ओट्यासमोर चिकटवले. खिडकी सताड उघडी ठेवून थोडे थोडे दाणे सोडत गेलो, तसे विस्तवाशिवायच पाणी तापत गेले, आकडा ८० च्या पुढे सरकला आणि घशात खरखर आणणारी वाफ वर आली, तेव्हा मी दोन पावले मागे सरलो. द्रावण आणि तेले दोन्ही ४० अंशांपर्यंत उतरल्यावर एकत्र करून ब्लेंडर फिरवला. मिश्रण दाटत गेले आणि उचललेल्या ब्लेंडरवरून ओघळणारी धार पृष्ठभागावर वळासारखी उमटून राहू लागली. याला ट्रेस म्हणतात. गरज नसतानाही मी ती धार दोन-चारदा सोडून पाहिली.

दुसऱ्या दिवशी वड्या कापताना कडा चुरत होत्या. आठवडा उलटल्यावर ओले बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला लावले, तर बॅटरीचा सेल चाटल्यासारखा झटका बसला. कॉस्टिक शिल्लक राहिले होते. वहीतली बेरीज तीनदा तपासली, ती बरोबरच होती. मग लक्षात आले की कॉस्टिक मी काट्यावर तोलले, पण तेले सहा वर्षांच्या सवयीने मापाच्या भांड्यात ओतली, ग्रॅमच्या जागी मिलिलिटर. ही तीन तेले मिळून एक लिटर केली, तर वजन जेमतेम ९२० ग्रॅम भरते. तेल ८ टक्क्यांनी कमी पडले आणि मी राखलेली सूट होती ५ टक्क्यांची; जवळपास ४ ग्रॅम कॉस्टिकला तेलच मिळाले नाही.

हातमोजे घालून सगळ्या वड्या किसल्या, राहिलेले ८० ग्रॅम तेल आणि थोडे पाणी घालून कीस मंद आचेवर दोन तास शिजवला आणि तो लगदा साच्यात दाबून भरला. झटका गेला. रूप मात्र असे आले की बायकोने वडी हातात घेऊन विचारले, “ही भांड्यांसाठी ना?”

पुढच्या घाण्यापासून मापाचे भांडे स्वयंपाकघरातून हलवले आहे. साबण सुकायला चार ते सहा आठवडे लागतात आणि या काळात बुडबुड्यांसारखे ऐकण्याजोगे काही घडत नाही, म्हणून मी एक वडी दर रविवारी तोलतो. पहिल्या दिवशी ११८ ग्रॅम भरलेली वडी सहाव्या आठवड्यात १०५ वर आली.

कपाटात शेवटच्या बॅचच्या काही बाटल्या उरल्या होत्या. पाण्याऐवजी बिअर वापरायची, तर आधी ती उकळून वायू आणि मद्यार्क घालवावा लागतो, नाहीतर कॉस्टिक पडताच मिश्रण भांड्याबाहेर उसळते. मी ती उकळून निम्मी आटवली, पुरेशी भरावी म्हणून दोन बाटल्या एकत्र केल्या आणि बर्फाच्या साच्यात गोठवून त्या खड्यांवर कॉस्टिक सोडले. तरी साखर करपून द्रावण नारिंगी झालेच आणि खोलीत ओल्या, जळक्या धान्याचा वास भरला. सुकल्यावर वास गेला, रंग तपकिरी राहिला, फेस दाट आला. कातडी मात्र जरा ओढली जाते, म्हणून पुढच्या घाण्यात खोबरेल २० टक्क्यांवर आणून ऑलिव्ह वाढवणार आहे. त्यासाठी आणखी दोन बाटल्या उकळून गोठवून ठेवल्या आहेत.