आमची वाटचाल : भिंत कुठल्या अंगाची?

गिऱ्हाईक दुकानात येतं आणि पहिलंच विचारतं, "खिडकीचा स्क्वेअर फुटाला काय दर?" मी विचारतो, "भिंत कुठल्या अंगाची?" दुकान सुरू केल्यापासून माझा हा प्रश्न बदललेला नाही, आणि बदलणारही नाही.

वडील सुतार. सांगलीत गणपती पेठेमागच्या बोळात त्यांचं काम चालायचं. सागाच्या चौकटी, लोखंडी गज. त्याच जागेत १९९६ साली मी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं काम सुरू केलं. पैसा माझा आणि हात एका मिस्त्रींचा. त्यांना आम्ही सगळे मामाच म्हणतो. मामांकडं काच कापायची हिरकणी होती. तिची लाकडी मूठ अंगठ्याखाली झिजून खोलगट झालेली. काचेवर रॉकेलचं बोट फिरवायचं, पट्टी दाबून धरायची आणि एकदाच ओढायचं. करकर आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आला पाहिजे. मध्ये तुटला, तर त्याच रेघेवर दुसऱ्यांदा हिरकणी फिरवायची नाही, काच हमखास वाकडी फुटते. हे मला शिकायला तीन महिने लागले आणि बऱ्याच काचा गेल्या. मामा एका शब्दानं बोलले नाहीत.

माप घेतानाही ओळंबा लावल्याशिवाय ते टेप काढत नसत. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, मग दोन्ही कर्ण. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं जुन्या घरात एकही चौकट गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, सापडत नाही. एका ठिकाणी माप घेऊन निघून जाणाऱ्या माणसाला खिडकीचं काम देऊ नका.

२००५ च्या पुरात थोडं नुकसान झालं, सावरलो. पुढची वर्षं चांगली गेली.

मग आमच्याकडंच काम शिकलेल्या एकानं पलीकडच्या रस्त्याला दुकान काढलं. त्याचं मला दुःख नाही, कारागिरानं मोठं व्हावंच. दुःख वेगळं आहे. तो गिऱ्हाइकाकडून आमचं कोटेशन मागून घ्यायचा आणि फुटामागं साठ रुपये कमी सांगायचा. हे साठ रुपये यायचे कुठून? सेक्शनच्या, म्हणजे चौकटीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीच्या, जाडीतून. आम्ही १.२ मिलिमीटरचा सेक्शन वापरायचो, तो ०.८ चा. पावडर कोटिंग झालं की दोन्ही सारखेच दिसतात. हातात घेऊन वजन बघितलं तरच कळतं. बेअरिंग प्लॅस्टिकचे, आणि खालच्या ट्रॅकला पाणी जायची भोकंच नाहीत.

विश्रामबागेतल्या एका बंगल्याला त्यानं अशा खिडक्या बसवल्या. पश्चिमेची भिंत, पावसाची झड सरळ अंगावर घेणारी, आणि वर जेमतेम नऊ इंच छज्जा. जुलैच्या पहिल्या झडीत ट्रॅक भरला आणि पाणी आत सोफ्यावर. मालक माझ्याकडं आले आणि म्हणाले, "तुमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या गळतात." तुमच्या! त्या खिडक्यांना माझा हातसुद्धा लागला नव्हता. तरी ड्रिल घेऊन गेलो, प्रत्येक ट्रॅकला बाहेरच्या अंगानं भोकं पाडली, सिलिकॉन नव्यानं भरलं आणि एक रुपया घेतला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी वरचा मजला चढवला. काम त्यालाच दिलं. हे मी आजही विसरलेलो नाही.

ऑगस्ट २०१९. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. दुकानात माळ्याच्या फळ्या तेवढ्या कोरड्या राहिल्या. अ‍ॅल्युमिनियम धुऊन निघतं, पण काच निघत नाही. उभ्या रचलेल्या काचांमध्ये पाणी शिरलं, वाळताना त्या एकमेकींना चिकटल्या. सोडवल्या तर काही फुटल्या, उरलेल्यांवर पांढरे डाग. लिंबू लावलं, पावडर लावली, डाग हटले नाहीत. कटिंग मशीनची मोटार जळाली. विमा नव्हता. अकरा लाखांचा खड्डा पडला. मी शटर ओढून घरी बसलो होतो.

तेव्हा गावभागातल्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, १९९६ मधलं आमचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांच्याही घरात पुरुषभर पाणी होतं. टेबलावर चाळीस हजार ठेवले आणि म्हणाल्या, "माझ्या आठ खिडक्या करायच्यात. मला घाई नाही, आधी मशीन दुरुस्त करून घ्या." त्या पैशांतून मोटार रिवाइंड झाली. मामा सत्तरी ओलांडलेले, तरी दुसऱ्या दिवसापासून हजर.

बाईंच्या सागाच्या चौकटी आम्ही काढल्या नाहीत. पुरानं झडपा फुगल्या होत्या, चौकटी शाबूत होत्या. जुना साग कुणी भंगारात काढायला सांगितला तर ऐकू नका. पश्चिमेला उघडझाप होणाऱ्या झडपा केल्या, कारण त्या रबरावर दाबून बसतात आणि झडीला पुरून उरतात. वाराही पूर्ण येतो. स्लायडिंग कितीही सरकवा, अर्धीच उघडते. बोळाच्या बाजूला झडप उघडायला जागा नव्हती, तिथं तीन ट्रॅकची स्लायडिंग, जाळीसकट. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खिडक्या, घेणार असाल तर आत स्टीलची पट्टी घातलीय का, ते कापलेल्या तुकड्यात डोळ्यांनी बघा. खिडकीच्या खालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या अंगाला उतार हवा, छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच हवी. आणि टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून गिलावा आणि ग्रॅनाइट झाल्याशिवाय माप द्यायचंच नाही. घाई गवंड्याची असते, भुर्दंड तुम्हाला पडतो.

माल ठेवायला आम्ही कुपवाडला भाड्याचा गाळा घेतला. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा पेठेत आलं तेव्हा दुकानात एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या.

पाणी ओसरल्यावर मी आणि मामा आधी बाईंकडं गेलो. बोळाच्या बाजूच्या ट्रॅकमध्ये चिखल गच्च बसलेला. मामांनी सायकलच्या स्पोकनं एकेक भोक मोकळं केलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी बाहेरच्या भिंतीवरून सरळ बोळात उतरलं. बाई आतून म्हणाल्या, "स्वयंपाकघरातली राहिली."