फळ्यावरची लावणी

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत दुसरीच्या वर्गात आज पुस्तक उघडलंच नाही. म्हटलं, आत्ता घरी काय चाललंय ते सांगा. एक पोरगी म्हणाली, "आई रोप लावूलाल्या." तसंच फळ्यावर लिहिलं. 'कमळ' वाचताना अडणाऱ्या त्याच पोरीनं एकेका शब्दाखाली बोट फिरवत सगळं वाचलं! मग खाली "आई रोप लावत आहे" लिहिलं. वरचं खोडलं नाही. आपली बोली चूक आहे असं वाटलं की पोरं लिहायचीच थांबतात, हे 20 वर्षं बघतेय.

नंतर प्रत्येकानं स्वतःचं वाक्य वहीत लिहिलं. एकानं मधलाच 'र' कन्नडमध्ये काढला. सकाळीच कन्नडचा तास झालेला, दोन लिप्या एकदम शिकणारा हात तो. सुटताना ती पोरगी थांबली, "बाई, वही घरी नेऊ? आईला वाचून दाखवायचंय."